ब्रासोचं कापड: आधी धागा उसवून बघा, मग आम्ल लावा

आपल्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरी ब्लॉक आणि स्क्रीनची छपाई करतात. आता त्यांना दुपट्ट्यांवर बर्न-आउटची, म्हणजे बाजारात जिला ब्रासो म्हणतात तशी, पारदर्शक नक्षी काढायची आहे. गांधीबागेच्या बाजारातून ‘पॉली-कॉटन’ म्हणून एक कापड आणलं, सोडियम बायसल्फेट या आम्लधर्मी रसायनाची पेस्ट लावून इस्त्री केली, धुतलं. काहीच झालं नाही. मग दुसरं कापड आणलं, रसायनही दुसऱ्या दुकानातून आणलं, इस्त्री जास्त वेळ फिरवली. या वेळी नक्षी काळी पडली आणि धुताना फुलांच्या जागी भोकं पडली. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की पहिल्या वेळी आम्ल कमी पडलं आणि दुसऱ्या वेळी जास्त झालं का.

ताई, तुमच्या वर्णनावरून मला आम्लाच्या प्रमाणाचा दोष वाटत नाही. पहिल्या वेळी एक तर कापडात कापूस नव्हता, नाही तर दुकानदाराने रसायन चुकीचं दिलं. दुसऱ्या वेळी कापडाचा धागा या कामाचा नव्हता आणि वर उष्णता जास्त झाली. मी 23 वर्षं छपाईत आहे आणि बर्न-आउट शिकायला येणाऱ्या दहापैकी आठ जणी याच दोन ठिकाणी अडतात. म्हणून पेस्टच्या कृतीआधी कापडाबद्दल सविस्तर लिहिते.

बर्न-आउटमध्ये घडतं काय? कापूस, रेयॉन, लिनन हे सगळे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की या साखळीचे जोड तुटतात, तंतू ठिसूळ होतो आणि चोळला की भुगा होऊन निघून जातो. पॉलिएस्टरला आणि रेशमाला तेवढ्या आम्लाने फारसं काही होत नाही. मिश्र कापडातला कापूस किती हे मोजायला प्रयोगशाळेतही हीच युक्ती वापरतात: 75 टक्के सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळवायचा आणि उरलेलं पॉलिएस्टर वजन करायचं. आपण तेच सौम्य रूपात, नक्षीपुरतं करतो. फ्रेंचमध्ये याला ‘देवोरे’ म्हणतात, म्हणजे खाऊन टाकलेलं. कापूस खाल्ला गेला की मागे जे उरतं तेच तुमचं कापड. त्या उरलेल्या धाग्यांनी स्वतःच्या बळावर एकमेकांना धरून ठेवलं पाहिजे.

‘पॉली-कॉटन’ हा शब्द इथे फार फसवा आहे, कारण तीन अगदी वेगळ्या कापडांना बाजारात हेच नाव आहे.

पहिल्या प्रकारात प्रत्येक धाग्याच्या मध्ये पॉलिएस्टरची अखंड तार असते आणि तिच्याभोवती कापूस गुंडाळलेला असतो. याला कोअर-स्पन म्हणतात. कापूस जळाला तरी उभ्या-आडव्या तारा जागच्या जागी राहतात आणि माशीच्या पंखासारखी स्वच्छ जाळी मिळते. ब्रासोसाठी हेच कापड.

दुसऱ्या प्रकारात पॉलिएस्टरचे तुकडे आणि कापसाचे तंतू एकत्र पिंजून सूत काढलेलं असतं. शर्टाचं बहुतेक कापड असंच असतं. यातला कापूस गेला की धाग्याचा पीळ सैल पडतो आणि पॉलिएस्टरचे आखूड तुकडे नुसते एकमेकांना चिकटून राहतात. पॉलिएस्टर 65 टक्के असेल तर एखादी छोटी नक्षी निभावते. कापूस निम्म्याहून जास्त असेल तर धुताना भोक पडणारच. तुमचं दुसरं कापड मला या जातीचं वाटतं. ते कदाचित निव्वळ सुतीसुद्धा असेल.

तिसऱ्या प्रकारात ताणा एका धाग्याचा आणि बाणा दुसऱ्याचा. उभा कापूस, आडवं पॉलिएस्टर, किंवा उलट. छापलेल्या जागी एका दिशेचे धागे पूर्ण जातात आणि दुसऱ्या दिशेचे मोकळे लोंबत राहतात. मुद्दाम तसा परिणाम हवा असेल तर तो सुंदर दिसतो, पण दुपट्टा खांद्यावरून घसरताना ते धागे बांगडीत अडकतात.

दुकानातल्या माणसाला यातला फरक माहीत असेलच असं नाही. त्याला ताक्यावर जे लिहून आलं तेच तो सांगतो. म्हणून बघायचं आपणच. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, 1877 साली टाटांनी इथे सुरू केलेली तीच गिरणी. निवृत्तीनंतरही समोर कापड आलं की ते आधी कडेचा एक धागा ओढत. ते करायचे तसंच करा. कापडाच्या कडेला एक उभा आणि एक आडवा धागा काढा. बोटांत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवा. पीळ सुटल्यावर हळूच ओढा. आतून चकचकीत, अखंड तार निघाली आणि तिच्याभोवतीचा कापूस बाजूला सरकला तर कापड तुमचं. सगळाच धागा कापसासारखा सुटून हातात दोन तुकडे आले तर ते पिंजून केलेलं मिश्रण. उजेडाकडे पाठ करून काळ्या कागदावर ठेवून बघितलं तर भिंगाशिवायही दिसतं.

मग दोन्ही धागे चिमट्यात धरून वेगवेगळे जाळा. कापूस आणि रेयॉन कागदासारखे भुरकन जळतात, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख करडी, मऊ, फुंकली की उडणारी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो, तो बोटांनी फुटत नाही. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि त्याची काळी गुठळी बोटांत चुरडते. मिश्र धागा जळतोही आणि राखेत कडक कणही सोडतो. उभा धागा नुसता कागदासारखा जळला आणि आडव्याचा मणी झाला, तर तिसऱ्या प्रकारचं कापड हातात आहे.

ही परीक्षा प्रत्येक ताक्याची करा. मी एकदा लग्नसराईच्या कामात एका व्यापाऱ्याकडून दोन ताके घेतले. रंग, पोत, हाताला लागणारं वजन अगदी एकसारखं. नमुना पहिल्या ताक्यावर काढला, उत्तम आला, आणि त्या विश्वासावर दोन्ही छापले. दुसऱ्या ताक्यातले 18 मीटर टबात धुताना हातात चिंध्या होऊन आले. तो ताका पिंजून केलेल्या सुताचा होता. दोन धागे ओढून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. नवरीच्या घरचं काम होतं, दिवस ठरलेला होता, आणि नवीन कापड आणून रात्री जागून ते काम पूर्ण केलं. तेव्हापासून माझ्याकडे कुठलाही ताका धागा उसवल्याशिवाय टेबलावर येत नाही.

मखमलीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. खरी बर्न-आउट मखमल म्हणजे रेशमी जमीन आणि रेयॉनची लव. आम्ल लव खातं आणि खाली रेशमाचं झुळझुळीत कापड उरतं. पण आपल्याकडे स्वस्तात मिळणारी बरीचशी मखमल पूर्ण पॉलिएस्टरची असते, तिच्यावर कितीही पेस्ट लावा, लव हलणार नाही. लवेचे दोन-चार केस कात्रीने कापून जाळून बघा, लगेच कळेल. जमीन नायलॉनची असेल तर सांभाळा, नायलॉन गरम आम्लात कमजोर होतं. मखमलीवर पेस्ट उलट्या बाजूने लावतात, म्हणजे ती लवेच्या मुळाशी पोहोचते. रेयॉन कापसापेक्षा लवकर जळतं, म्हणून त्यासाठी आम्लही कमी आणि उष्णताही कमी.

आता रसायन. तुम्हाला हवं आहे ते सोडियम बायसल्फेट. दुकानात बऱ्याचदा हातात पडतं ते सोडियम बायसल्फाईट किंवा मेटाबायसल्फाईट. शेवटच्या दोन अक्षरांचा फरक, पण वस्तू पूर्ण वेगळी. सल्फाईट हे आम्ल म्हणून फार दुबळं आहे, ते खाद्यपदार्थ टिकवायला आणि ब्लीचचा अंश मारायला वापरतात. त्याने कापूस जळणार नाही. पाकीट उघडल्यावर विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा नाकात झोंबणारा वास आला तर ते सल्फाईट आहे, परत करा. बायसल्फेटला तसा वास नसतो. तुम्ही दुकान बदललं आणि परिणाम एकदम बदलला, म्हणून मला पहिल्या वेळी हेच झालं असावं अशी दाट शंका आहे. इतवारीत रसायन घेताना नाव कागदावर लिहून न्या आणि पाकिटावरचं छापील नाव स्वतः वाचा, नुसतं तोंडी मागू नका.

काही जणी संडास धुण्याचं आम्ल किंवा बॅटरीचं पाणी वापरून बघतात. कृपया करू नका. संडासाच्या आम्लाचा धूर होतो, तो नक्षीपुरता थांबत नाही, शेजारचं कापड, इस्त्री आणि तुमची फुप्फुसं यांनाही खातो. बॅटरीचं सल्फ्युरिक आम्ल पाणी उडालं की घट्ट होत जातं आणि त्याची छपाई हाताबाहेर जाते. कारखान्यात ते वापरतात, पण तिथे यंत्रं आणि धूर ओढून नेणारी व्यवस्था असते. घरासाठी बायसल्फेटच योग्य.

एक किलो पेस्टसाठी माझं प्रमाण असं आहे. पाणी 300 ग्रॅम, बायसल्फेट 200 ग्रॅम, ग्लिसरीन 50 ग्रॅम आणि आधी भिजवून ठेवलेली गवारगमची खळ 450 ग्रॅम. रेयॉनसाठी बायसल्फेट 150 वर आणा आणि जेवढं कमी कराल तेवढी खळ वाढवा. कोमट पाण्यात बायसल्फेट थोडं थोडं टाकत ढवळा. नेहमी पाण्यात रसायन टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. विरघळलं की ग्लिसरीन, आणि गार झाल्यावर ते खळीत मिसळा. भांडं प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, आम्ल ते खातं आणि पेस्ट बिघडते.

खळ गवारगमचीच का? कारण आपल्या नेहमीच्या छपाईतलं सोडियम अल्जिनेट आम्लात टाकलं की फुटतं, त्याचे जेलीसारखे गोळे होतात आणि स्क्रीन बंद पडते. मैद्याची किंवा स्टार्चची खळ आम्लात पातळ होत जाते. छपाईसाठी बनवलेली गवारगमची पूड घ्या आणि पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात रात्री भिजवा. खाण्याची गवारगम फार लवकर घट्ट होते, तिने पेस्ट दाट दिसते पण नक्षीची कड पसरते. पेस्ट लागेल तेवढीच करा, दुसऱ्या दिवशी ती पातळ झालेली असते.

स्क्रीनची जाळी पॉलिएस्टरची असू द्या, नायलॉनची नको. जाळी फार बारीकही नको, कारण पेस्ट कापडाच्या आरपार गेली पाहिजे. वरवर बसलेली पेस्ट वरचाच कापूस जाळते आणि खालचा तसाच राहतो, मग नक्षी अर्धवट, मळकट दिसते. मी प्रत्येक छाप दोनदा ओढते आणि कापड उचलून पाठीमागून बघते. मागेही ओलसर नक्षी दिसली पाहिजे. लाकडी ब्लॉक वापरू नका, आम्लाने त्यांची बारीक कड काही दिवसांत गोल होते.

छापण्याआधी कापड गरम साबणाच्या पाण्यात धुवून खळ आणि गिरणीचं फिनिश काढा. कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पेस्टही तशीच वर बसेल.

ग्लिसरीनचं काम समजून घेतलंत तर नागपूरच्या हवेत पुष्कळ त्रास वाचेल. आम्लाला काम करायला थोडं पाणी लागतं. पेस्ट पूर्ण कोरडी झाली की बायसल्फेटचे नुसते कण उरतात आणि कापसात भिनत नाहीत. ग्लिसरीन तो ओलावा धरून ठेवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि हवा इतकी कोरडी की दुसरा छाप ओढेपर्यंत पहिला सुकलेला असतो, स्क्रीनमध्येही पेस्ट अडकते. नवतपाच्या दिवसांत मी ग्लिसरीन 70 ते 80 ग्रॅमपर्यंत नेते आणि कूलर असलेल्या खोलीतच छापते, पण कूलरचा झोत थेट टेबलावर येऊ देत नाही. पावसाळ्यात उलटं. बायसल्फेट आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, छाप सुकत नाही, उलट चिकट होऊन बाहेर पसरतो. तेव्हा ग्लिसरीन 30 ते 40 ग्रॅम पुरे. आणि जुलैमध्ये छापलेलं कापड रात्रभर तसं ठेवू नका. सकाळी प्रत्येक पानाभोवती ओलसर कडं दिसतं आणि इस्त्रीनंतर तेवढा भागही जळतो. मी हेअर ड्रायरने लगेच सुकवून त्याच दिवशी भाजून (म्हणजे इस्त्रीची उष्णता देऊन), धुवून मोकळी होते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, उष्णता. कारखान्यात 150 ते 160 अंशांच्या गरम हवेत 3 ते 5 मिनिटं देतात. घरी इस्त्री चालेल, पण वाफ बंद आणि खटका दोन ठिपक्यांवर, म्हणजे साधारण 150 अंशांवर. तीन ठिपके हे 200 अंशांच्या आसपास जातं. तिथे कापूस काळा पडतो, पॉलिएस्टर चकाकतं आणि आक्रसतं. रेशीम असेल तर त्याहूनही जपून, ते पिवळं पडतं. कापडाच्या वर आणि खाली बेकिंगचा कागद ठेवा, नाहीतर आम्ल इस्त्रीचा तळ खाईल. इस्त्री रेटू नका, उचलून ठेवा, उचलून ठेवा.

डोळ्यांनी काय बघायचं ते सांगते. सुकलेला छाप पांढऱ्या कापडावर जवळजवळ दिसत नाही, बोट फिरवलं तर जरा कडक लागतो. पहिल्या मिनिटात काही होत नाही आणि इथेच धीर सुटून लोक खटका वाढवतात. मग जिथे पेस्ट जाड बसली असेल, साधारण पानाच्या देठाजवळ, तिथे फिकट पिवळी झाक येते. ती कडेकडे पसरते. तीस-चाळीस सेकंदांत रंग मारी बिस्किटासारखा होतो आणि भाजलेल्या साखरेसारखा किंचित वास येतो. तिथे थांबा. इस्त्री बाजूला ठेवून कापड गार होऊ द्या आणि एका कोपऱ्यातलं पान नखाने हलकं खरवडा. कापूस पिठासारखा सुटून खालची तार चमकली तर झालं. तंतू नुसते फुलून वर आले आणि तुटले नाहीत तर आणखी 30 सेकंद. शेंगदाण्याच्या सालीसारखा लालसर तपकिरी रंग आला म्हणजे पुढे गेलात. काळा झाला की तो कोळसा पॉलिएस्टरला धरून बसतो आणि कितीही धुतला तरी जाळीत करडी सावली राहते. तुमच्या दुसऱ्या तुकड्यावर हेच झालं.

कापड आधीच गडद रंगात रंगवलेलं असेल तर हा रंगबदल दिसतच नाही. अशा वेळी त्याच कापडाची पांढरी पट्टी त्याच पेस्टने छापून शेजारी ठेवा आणि दोन्हींवर सारखी इस्त्री फिरवा. पट्टी बिस्किटी झाली की कापडही झालेलं असतं. सोपं म्हणजे आधी बर्न-आउट करा, धुवा आणि मग रंगवा. पॉलिएस्टर-कापसावर रिॲक्टिव्ह रंग फक्त कापसाला लागतो. त्यामुळे फुलं रंगीत राहतात आणि जाळी पांढरी, पारदर्शक उरते. जाळीलाच रंग द्यायचा असेल तर आम्लात टिकणारा डिस्पर्स रंग पेस्टमध्येच मिसळतात, पण पॉलिएस्टरवर तो पक्का बसायला जास्त उष्णता लागते आणि घरच्या इस्त्रीने ते नीट होत नाही. तो प्रयोग पुढे ठेवा. रेशीम असलेल्या कापडावर रिॲक्टिव्ह रंग रेशमालाही लागतो, हे आधी लक्षात घ्या.

धुताना कोरडं खरवडू नका. तो भुगा आम्लाचा आणि जळक्या तंतूंचा असतो, हवेत उडून नाकात जातो. कापड गार पाण्यात 15-20 मिनिटं भिजवा, मग पाण्यातच मऊ ब्रशने किंवा तळहाताने एका दिशेने चोळा. एकदम सगळं निघत नाही, दोन-तीनदा पाणी बदला. मग एका लिटरला 5 ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, पुन्हा साबणाने धुवा. सोड्याची पायरी टाळू नका. कापडात राहिलेलं आम्ल संपत नाही. कापड घडी घालून कपाटात गेलं तरी ते हळूहळू फुलांच्या कडा खात राहतं, आणि महिन्याभराने गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं.

उरलेला तपकिरीपणा घालवायला ब्लीच घालण्याचा मोह होतो. आम्ल लागलेल्या कापडावर ब्लिचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा आहे. आधी सोडा, मग भरपूर पाणी, आणि तरीही गरज वाटली तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. छापताना आणि भाजताना रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला, खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. उरलेल्या पेस्टमध्ये धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत घाला, मगच मोरीत ओता.

नक्षी बेतताना हे लक्षात ठेवा की जाळीचा भाग कमजोर असतो. शिलाई, काठ आणि पदर जिथे दुमडायचा तिथे 3 सेंटीमीटर कापड न जाळता ठेवा. जाळीवर शिलाई मारली तर दोन धुण्यांत धागे सरकतात. दोन नक्ष्यांमधली कापसाची रेघ 2 मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, आम्ल दोन्हीकडून पसरून ती गिळून टाकतं. मोठ्या पसरट जाळीपेक्षा छोट्या पाकळ्या जवळजवळ ठेवलेल्या जास्त टिकतात आणि उजेडात जास्त खुलतातही.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की आपल्या विदर्भातल्या कोशावर हे करता येईल का. मला हा प्रश्न फार आवडला. कोसा म्हणजे टसर रेशीम, आम्ल त्याला सहज खात नाही, म्हणजे रसायन अनुकूल आहे. पण करवती साडी घेऊन तिच्यावर आम्ल लावायला मी कधीच सांगणार नाही. तिच्यात अंग कोशाचं आणि काठ सुती. जाळायचा तर तो काठच जळणार, आणि करवतीचे दाते काढायला विणकराने घेतलेले कष्ट आपण पाण्यात घालणार. त्यापेक्षा हातमागावर खास कापड विणून घ्या. ताणा पूर्ण कोशाचा. बाण्यात दोन धोटे: एक फेक बारीक कोशाची, एक फेक सुती, आळीपाळीने. सुती धागा जळाला तरी उभा-आडवा कोसा एकमेकांत विणलेला राहतो, आणि जिथे छाप नाही तिथे कापूस भरीव दिसतो. सुती धागा थोडा जाड घेतलात तर फरक उठून दिसतो. गोळीबार चौकाच्या आसपास अजून हातमाग चालवणारी घरं आहेत. त्यांना कापड कशासाठी हवं ते नीट समजावून सांगा, अर्धा मीटरचा नमुना विणून घ्या आणि त्याचे पैसे पूर्ण द्या. मी असा एक स्टोल केला होता. कोशाचा मूळचा मधासारखा रंग आणि त्यात पांढऱ्या सुताची पानं. उन्हात धरला तर पानांमधून नाही, पानांच्या मधल्या जागेतून उजेड येत होता. उष्णता मात्र 140 अंशांच्या पुढे नेली नव्हती आणि वेळ जास्त दिला होता.

तर या आठवड्यात दुपट्ट्याला हात लावू नका. धागा उसवून योग्य ठरलेल्या कापडाचे तळहाताएवढे चार तुकडे कापा, चारही धुवून, एकाच पेस्टने एकच पान छापा. दोन ठिपक्यांवर एकाला 2 मिनिटं, पुढच्याला 3, मग 4 आणि 5 मिनिटं इस्त्री द्या, मागे न पुसणाऱ्या पेनने वेळ आणि तारीख लिहा. धुवून, सोड्यातून काढून, सुकवून खिडकीच्या काचेला चिकटवा. ज्या तुकड्यात पान पूर्ण मोकळं झालंय आणि तार पांढरी राहिली आहे, ती तुमच्या इस्त्रीची वेळ. इस्त्री बदलली किंवा ताका बदलला की चार तुकडे पुन्हा कापा.